पेट्रोलच्या टाकीला दादरा

आमच्या घरात आजवर एकच शोध लागला. तो मी लावला, आणि त्यापायी माझ्या दिराचं लग्न मोडता मोडता राहिलं.

पेट्रोलचे भाव एकाएकी भडकले तेव्हाची ही गोष्ट. सगळं नागपूर सायकली पुसून बाहेर काढत होतं आणि नेमकी तीच वेळ साधून माझ्या सासऱ्यांनी गाडी घेतली! (आमच्याकडे सासऱ्यांना मामाजी आणि सासूला आत्याबाई म्हणतात.) मामाजी हेडमास्तर म्हणून निवृत्त झाले होते. फंडाचे पैसे हातात आले तसे "जरा लकडगंजले जाऊन येतो," म्हणून निघाले. आम्हाला वाटलं, खिडक्यांसाठी लाकूड बघायला गेले असतील. संध्याकाळी बघतो तर एका लाकूड-व्यापाऱ्याची जुनी, काळी, पोट सुटलेली मोटार दारात उभी आणि मागच्या सीटवर मामाजी ताठ बसलेले. चालवायला व्यापाऱ्याचाच माणूस होता. तो किल्ली देऊन इतक्या लगबगीने निघून गेला की आम्हाला तेव्हाच शंका यायला हवी होती.

गाडीत दोन खोडी होत्या. पहिली म्हणजे पेट्रोल किती आहे ते दाखवणारा काटा कायमचा झोपलेला. त्यावर मामाजींनी तोडगा काढला. शाळेतली त्यांची छडी घरी होतीच. टाकीचं झाकण उघडायचं, छडी आत सोडायची, बाहेर काढून ती कुठवर ओली झाली ते बघायचं. (ज्या छडीने अर्ध्या मोहल्ल्याला पाढे शिकवले ती आता पेट्रोल मोजत होती.) दुसरी खोड मात्र भारी होती. गाडीत पेट्रोलचा इतका वास यायचा की आत्याबाई बसल्या बसल्या हिरव्या पडायच्या.

"वसंता, हे मोटार हाय का राकेलचं दुकान?" नाकाला पदर लावून त्या माझ्या नवऱ्याला विचारायच्या.

"आई, ऊन किती हाय पाह्य ना! टाकीतल्या पेट्रोलची वाफ होते अन् उडून जाते."

त्यांचं बोलणं तिथेच संपलं, पण मला मात्र रात्रभर झोप आली नाही. उडून जाते? विकत घेतलेलं पेट्रोल? आमच्या घरात दुधावरची साय कोणी बोटाने उचलली तरी चौकशी बसते, आणि इथे पेट्रोल फुकट हवेत जातंय!

मामाजींनी बौद्ध धम्माची दीक्षा घेतली त्या दिवसापासून घरातून मुहूर्त, नवस, दृष्ट, लिंबू-मिरची सगळं बाहेर काढलं होतं आणि त्या जागी एकच प्रश्न आणून बसवला होता: "कारण काय?" दूध नासलं, कारण काय? सून माहेरी जायचं म्हणते, कारण काय? अशा घरात राहून मीही थोडी शास्त्रीय झाले होते. सकाळी जाऊन टाकीचं झाकण नीट न्याहाळलं आणि कारण सापडलं. झाकणाला चक्क एक बारीकसं भोक होतं!

मे महिना होता. स्वयंपाकघरात कैरीचं लोणचं घालणं चालू होतं. आता, लोणच्याची बरणी बंद करण्यात माझा हात धरणारं आमच्या मोहल्ल्यात कोणी नव्हतं, हे मी आजही छातीवर हात ठेवून सांगते. झाकणाखाली रबराचं कडं, फटीत मेण आणि वरून दादरा, म्हणजे बरणीच्या तोंडाला आवळून बांधायचं फडकं. वर्षभर वारा म्हणून आत जात नाही. मी गाडीचं झाकण काढून स्वयंपाकघरात आणलं. भोकात मेणबत्तीचं मेण ओतलं, सायकलच्या फाटक्या ट्यूबचं कडं कापून आतून बसवलं, झाकण गच्च लावलं आणि वर जुन्या लुगड्याचा दादरा बांधून अशी गाठ मारली की माझ्याशिवाय कोणाला सुटू नये.

"हे फडकं कायले?" मामाजींनी विचारलं.

"धूळ जाऊ नये म्हणून, जी." (मेणाचं आणि कड्याचं मी बोलले नाही. सगळी रीत पुरुषांना कशाला सांगायची?)

"हं. कारण हाय," मामाजी म्हणाले.

दुसऱ्या दिवसापासून वास गायब! आत्याबाई बाजारात जाऊन आल्या आणि ओट्यावर बसून शेजारणीला म्हणाल्या, "नाई म्हटलं तरी, सून डोक्याची हाय वं माही." माझ्या लग्नानंतर हे वाक्य पहिल्यांदाच कानावर आलं होतं. मी ते दिवसभर मनातल्या मनात घोळवत पोळ्या लाटल्या.

आणि त्याच आठवड्यात सुधाकरचं लग्न निघालं.

सुधाकर माझा धाकटा दीर. नोकरी दूर आसामात. साक्षगंध, म्हणजे साखरपुडा, होऊन वर्ष झालं होतं आणि ते वर्ष बिचाऱ्याने पत्रं लिहून काढलं होतं. रजा मोठ्या मिनतवारीने मिळालेली आणि तीही संपत आलेली. मुलगी पारशिवनीची. आमच्यात मुहूर्ताची भानगड नाही, पण त्या दिवशी भन्तेजींना पुढच्या एका गावात दुसरं लग्न लावायचं होतं. ते दुपारच्या एसटीने निघणार होते. त्याच्या आत पोचलो तर लग्न, नाही तर सुधाकर बिनलग्नाचा आसामला परत आणि पुन्हा वर्षभर पत्रं! मुलीच्या वडिलांनी तसं बजावूनही सांगितलं होतं. "गुरुजी, मुहूर्त सोडला म्हणून वेळ नोका सोडजा."

"वेळ?" मामाजी छाती पुढे काढून म्हणाले, "आमची स्वतःची गाडी हाय जी!"

वऱ्हाड ट्रकमध्ये बसून पहाटेच पुढे गेलं. मागे आम्ही गाडीवाले पाचजण. चालवायला माझे हे, शेजारी हातात छडी घेऊन मामाजी, मागे खिडकीशी आत्याबाई, मधे पांढऱ्याशुभ्र कपड्यातला नवरदेव आणि पलीकडे मी, मांडीवर वरमाईकडून विहिणीला द्यायची लोणच्याची बरणी. ऊन असं की खिडकीबाहेर हात काढला तर भाजून निघावा. लू लागू नये म्हणून आत्याबाईंनी प्रत्येकाच्या खिशात एकेक कांदा कोंबला होता. नवरदेवाच्यासुद्धा.

कामठी ओलांडली आणि गाडीने दोन आचके दिले, खोकली आणि उभी राहिली.

"काय झालं गा?" मामाजी.

"पंप तापला," हे अगदी सहज म्हणाले. आमच्या ह्यांनी कधीकाळी कोणाकडून तरी ऐकलं होतं की उन्हात पंपातल्या पेट्रोलची वाफ होते, ती वाफ मधे अडकते आणि पेट्रोल पुढे सरकत नाही. ह्यांच्याजवळ मोटारीचं एवढंच ज्ञान होतं, पण होतं तेवढं पक्कं होतं. "ओलं फडकं गुंडाळलं का झालं!"

प्यायच्या पाण्यात ह्यांचा रुमाल बुडवून पंपाला गुंडाळला. वासाने नव्हे, पण उकाड्याने हैराण झालेल्या आत्याबाई उतरून बाभळीच्या सावलीत जाऊन बसल्या. मामाजी म्हणाले, "पेट्रोल तर नाई ना संपलं? पाहून घेतो." मी दादरा सोडला, त्यांनी झाकण उघडलं, छडी घातली, काढली, "भरपूर हाय," म्हणाले. मी झाकण गच्च लावलं आणि दादरा पुन्हा बांधला. ह्यांनी किल्ली फिरवली आणि गाडी पहिल्या झटक्यात चालू!

"पाह्यलं?" हे विजयी मुद्रेने म्हणाले. "वाफ!"

कन्हानचा पूल ओलांडला आणि परत तेच. आचके, खोकला, शांतता. रुमाल वाळून पापड झाला होता. ह्यांनी मागे वळून सुधाकरच्या खांद्याकडे पाहिलं. तिथे नवाकोरा पांढरा शेला होता.

"नाई, दादा! हे मांडवात लागते!"

"मांडवात जायचं हाय ना? मंग दे!"

शेला भिजला, पंपाला गेला आणि काळा झाला. आत्याबाई उतरल्या. छडी आत गेली, बाहेर आली. मी इमानेइतबारे झाकण लावलं, दादरा बांधला. गाडी चालू! तोवर पलीकडच्या चहाच्या टपरीवरून एक गृहस्थ येऊन उभे राहिले होते. "गुरुजी, या पुलावर लई गाड्या थांबतेत. एक नारळ फोडा, पाच मिनिटांत पारशिवनी."

मामाजींनी छडी अशी वर केली की गृहस्थ दोन पावलं मागे सरकले. "आम्ही नारळ नाई फोडत जी. आम्ही कारण शोधतो!"

"शोधा," ते म्हणाले आणि चहा प्यायला परत गेले. नंतर मला अनेकदा वाटलं, फोडला असता नारळ तर निदान पाणी तरी मिळालं असतं.

तिसऱ्यांदा गाडी थांबली ती आमडी फाट्याच्या अलीकडे. आता ओलं करायला पाणीही उरलं नव्हतं आणि फडकंही. तरी आत्याबाई उतरल्या, छडी झाली, दादरा झाला, आणि कोरड्या पंपावर गाडी चालू झाली! ह्यांचा चेहरा उतरला. मामाजींचा मात्र उजळला. ते रस्त्याच्या कडेला फळ्यासमोर उभे राहावं तसे उभे राहिले.

"थांबा. प्रत्येक वेळी काय काय झालं? पहिल्यांदा ओलं फडकं. दुसऱ्यांदा ओलं फडकं. आता फडकं नाई, तरी चालू. म्हणजे फडकं कारण नाई. मंग तिन्ही वेळा सारखं काय झालं?"

आम्ही विचारात पडलो. (तिन्ही वेळा त्यांच्या डोळ्यांसमोर झाकण उघडलं होतं आणि मी ते पुन्हा लावलं होतं. पण सून काय करते आहे ते आमच्याकडे कोण बघतं? मी स्वतःसुद्धा बघत नव्हते!)

सुधाकरने हळूच मान वर केली. "आई उतरली."

सगळ्यांनी बाभळीखाली बसलेल्या आत्याबाईंकडे पाहिलं.

"तिन्ही वेळा उतरली," मामाजी हळू आवाजात म्हणाले. "वजन!"

"काय म्हणून राह्यले तुम्ही?" आत्याबाई उठल्याच. "माह्या वजनानं मोटार बंद पडते? बैलगाडीत बसले तवा बैल नाई बसले खाली! माह्या पोराचं लगन अन् मलेच उतरवून राह्यले?"

"राग नोको मानू. हा प्रयोग हाय."

"तुमचा प्रयोग घाला चुलीत!"

तेवढ्यात मागून धुरळा उडवत पारशिवनीकडे जाणारी एसटी आली. मामाजींनी रस्त्यात उभं राहून छडी आडवी धरली, एसटी थांबली आणि वरमाय तीत चढली. चढताना त्यांनी आम्हा चौघांकडे जे पाहिलं ते मी जन्मात विसरणार नाही. मला तर मनातून बरंच वाटलं, खोटं कशाला बोलू? दोष माझ्यावर नव्हता आणि मागे पाय पसरून बसायला जागा झाली होती.

आम्ही निघालो. गाडी सुसाट. "पाह्यलं?" आता मामाजी म्हणाले. त्यांनी ते पुन्हा एकदा म्हटलं. तिसऱ्यांदा म्हणायला तोंड उघडलं आणि गाडीने आचका दिला.

गाडी पुन्हा उभी राहिली. पुढे रस्ता रिकामा, मागे रस्ता रिकामा, एसटी कधीची दिसेनाशी झालेली. सूर्य डोक्यावरून कलू लागला होता. सुधाकर उतरला आणि शेताच्या बांधावर जाऊन बसला. पांढरा पायजमा मातीत मळला तरी त्याला शुद्ध नव्हती. "जाऊ द्या," तो म्हणाला, "तिले लिहीन मी." ते ऐकून मात्र मला रडू फुटलं. एवढा मोठा झालेला माणूस, पण तोंड अगदी शाळेतून घालवून दिलेल्या मुलासारखं झालं होतं.

मामाजी सवयीने टाकीकडे वळले. मी डोळे पुसत दादरा सोडला. आसपास इतकी शांतता होती की झाकण फिरवताच तो आवाज आम्हा सगळ्यांना स्पष्ट ऐकू आला.

"सूंऽऽऽऽ!"

मामाजी थबकले. त्यांनी झाकण परत लावलं, पुन्हा उघडलं. आवाज नाही. टाकीला कान लावला. मग झाकण हातात घेऊन उलटं केलं. रबराचं कडं बोटाने ओढून काढलं. भोकातलं मेण नखाने खरवडलं. आणि अगदी सावकाश, चष्म्यावरून, माझ्याकडे पाहिलं.

"हे काय होय?"

"लोणच्याच्या बरणीले लावतो तसं... वाफ उडू नये म्हणून, जी."

"अस्सं." त्यांनी छडी काखेत मारली. "मले सांग. तेलाच्या डब्याले आपण भोकं किती पाडतो?"

"दोन, जी."

"काहून दोन? तेल तर एकातूनच येते."

"बाबा, लगन!" सुधाकर बांधावरून ओरडला.

"थांब! तिले उत्तर देऊ दे. काहून दोन?"

"एका भोकातून हवा आत जाते, जी... तवाच दुसऱ्यातून तेल येते."

"अन् हवा नाई गेली तर?"

"तेल... नाई येत."

"मंग टाकीतलं पेट्रोल पंपानं ओढलं, त्याच्या जागी हवा कोठून जाईन?"

मी मेणाकडे पाहिलं. मेण माझ्याकडे पाहत होतं. रणरणत्या उन्हात, भर रस्त्यात, लग्नाच्या साडीत, मी चौथीतल्या मुलीसारखी मान खाली घालून उभी होते. धरणी दुभंगून पोटात घेईल तर बरं, असं त्या वेळी खरोखर वाटलं. आम्ही दर वेळी झाकण उघडत होतो, हवा आत जात होती, गाडी चालत होती. आणि दर वेळी मी ते पुन्हा मन लावून बंद करत होते!

"म्हणजे वाफ नव्हती?" ह्यांनी विचारलं.

"वजनही नव्हतं," मामाजी म्हणाले. आणि मग त्यांना आत्याबाई आठवल्या असाव्यात, कारण त्यांचा चेहरा एकदम पांढरा पडला.

मी साडीची सेफ्टी पिन काढून भोक मोकळं केलं. सुधाकर धावत येऊन गाडीत बसला. त्यानंतर गाडी जी धावली, ती थेट मांडवापर्यंत. पण मांडवासमोर पोचलो तर रस्त्यावर एसटीची धूळ उडत होती. पुढच्या गावाची एसटी आत्ताच, आमच्या डोळ्यांदेखत, निघून गेली होती.

सुधाकरने हातात डोकं धरलं. मामाजी गाडीतून उतरले. मी बरणी घट्ट धरून मागच्या सीटवरच बसून राहिले. एका मेणबत्तीपायी दोन माणसांचं वर्ष वाया घालवलं, हे तोंड आता मुलीच्या आईला कसं दाखवू?

आणि तेवढ्यात मांडवातून आत्याबाईंचा आवाज आला!

"...अन् मंग भन्तेजी, पोटच्या पोरानं, ज्याले म्या खांद्यावर घेऊन शाळेत सोडलं, थ्यानं म्हणावं का आई उतरली म्हणून गाडी चालू झाली? तुम्हीच सांगा! अन् यायचा बाप तर..."

भन्तेजी समोर बसून शांतपणे ऐकत होते. एसटीतून उतरल्याबरोबर आत्याबाईंनी त्यांना गाठलं होतं आणि कामठीपासून जी गाऱ्हाणी सुरू केली होती ती आता कुठे आमडी फाट्यापर्यंत आली होती. मधे मुलीच्या वडिलांनी एकदा घड्याळ दाखवलं, पण दुःखी माणसाचं बोलणं अर्ध्यात तोडायचं नाही म्हणून भन्तेजी उठले नाहीत. एसटी त्यांच्यादेखत सुटली होती. "आले तुमचे लोक," ते हसून म्हणाले. "चला, लग्न लावू. मग मला त्या गाडीने पोचवा."

आत्याबाईंना उतरवलं नसतं तर त्या आमच्याबरोबर उशिरा आल्या असत्या आणि भन्तेजी निघून गेले असते! मला इतकं हलकं वाटलं की मी तिथेच मांडवाच्या खांबाला धरून हसत सुटले. विहिणीला वाटलं मला ऊन लागलं. तिने माझ्या डोक्यावर ओला पंचा टाकला.

लग्न लागलं. काळ्या शेल्याचा नवरदेव आणि पांढऱ्या साडीची नवरी शेजारी शेजारी उभे राहिले. सुधाकर असा हसत होता की आसाम त्याला आठवतही नसावं. त्रिशरण झालं, पंचशील झालं, आम्ही सगळ्यांनी हात जोडून मोठ्याने म्हटलं. खोटं बोलणार नाही, हेही त्यात आलंच. ते म्हणून हात खाली घेतो न घेतो तोच आत्याबाई कंबरेवर हात ठेवून समोर उभ्या राहिल्या.

"मंग? सापडलं का कारण? का अजून माह्या वजनावरच अडून राह्यले?"

ह्यांनी वर मांडवाच्या कापडाकडे पाहिलं. मामाजींनी छडीच्या टोकाकडे पाहिलं. आत्ताच घेतलेलं वचन सगळ्यांनाच आठवत होतं. शेवटी मीच बोलले. मेण, कडं, दादरा, सगळं सांगितलं.

आत्याबाई दोन पावलं पुढे आल्या. मला वाटलं, आता काही खैर नाही. पण त्या एकदम हसल्या, इतक्या की त्यांचे डोळे पाणावले. "म्हणजे उतरवायची होती थे तू होतीस अन् उतरवलं मले!"

परत जाताना नवरी-नवरदेव गाडीत, आत्याबाई पुढच्या सीटवर मामाजींच्या जागी, मामाजी मागे अंग चोरून, आणि गाडीत जागा नाही म्हणून मी एसटीत. गाडी पारशिवनीहून आधी भन्तेजींना पुढच्या गावी सोडून आली आणि तिथून थेट नागपूरपर्यंत कुठेही थांबली नाही. मामाजींचा प्रयोग शेवटी शंभर टक्के बरोबर निघाला. उतरवायचा माणूस तेवढा पहिल्या खेपेला चुकला होता.